न घेतलेली संमती : अमेरिकी मरीन कोअर ते फिलिपिन्सचे प्रतिनिधिगृह

अमेरिकी सैन्यात जाऊन फिलिपिन्सचे नागरिकत्व गमावलेला आणि ते परत मिळवून प्रतिनिधिगृहावर (संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर) निवडून आलेला माणूस जन्मजात नागरिक ठरतो का, या वादाचे हे प्रकरण फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. निकाल जाहीर आहे, त्यामुळे नावे शोधणाऱ्याला ती सापडतील. आपल्याला पाहायचे आहे ते माणसापेक्षा त्याने घेतलेल्या शपथांकडे आणि त्या घेण्याच्या क्रमाकडे. म्हणून त्याला इथे ‘मरीन’ आणि निवडणुकीत त्याच्याकडून हरलेल्याला ‘विरोधक’ एवढेच म्हटले आहे.

पार्श्वभूमी

मरीनचा जन्म एप्रिल १९६० मध्ये लुझोन बेटावर झाला. आईवडील दोघेही फिलिपिनो. तेव्हा १९३५ ची राज्यघटना लागू होती आणि तिच्यानुसार बाप फिलिपिनो असला की मूल फिलिपिनो. जन्माने तो फिलिपिन्सचा नागरिक होता, यावर पुढे विरोधकानेही कधी वाद घातला नाही. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तो अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये (अमेरिकी सैन्यदलांची एक वेगळी शाखा) भरती झाला आणि भरतीची शपथ घेतली. फिलिपिन्स सरकारची संमती घेतलेली नव्हती. ५ जून १९९० रोजी याच सेवेच्या संदर्भात त्याला अमेरिकी नागरिकत्व मिळाले. १७ मार्च १९९४ रोजी त्याने फिलिपिन्सचे नागरिकत्व परत घेतले. ११ मे १९९८ च्या निवडणुकीत पांगासिनान प्रांताच्या दुसऱ्या मतदारसंघातून तो प्रतिनिधिगृहावर निवडून आला. मताधिक्य २६,६७१. हरलेला विरोधक त्या जागेचा विद्यमान सदस्य होता.

अमेरिकी गणवेश त्याच्या देशाला नवा नव्हता. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या आदेशाने अमेरिकी नौदलात ५०० फिलिपिनो घेण्याची परवानगी मिळाली, तिथून ही वाट सुरू झाली. १९१५ मध्ये ‘सान दिएगो’ या युद्धनौकेच्या बॉयलरखोलीत स्फोट झाला तेव्हा सहकाऱ्यांना वाचवणाऱ्या तेलेस्फोरो त्रिनिदाद या फिलिपिनो खलाशाला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सालिनास येथे पहिली फिलिपिनो पायदळ रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्यातल्या शेकडो जवानांना छावणीतच सामुदायिकरीत्या अमेरिकी नागरिकत्वाची शपथ देण्यात आली. दुसऱ्या बाजूला, अमेरिकी ध्वजाखाली फिलिपिन्समध्ये लढलेल्या सैनिकांना युद्धोत्तर सवलती नाकारणारा कायदा अमेरिकी काँग्रेसने फेब्रुवारी १९४६ मध्ये केला. त्यातल्या हयात असलेल्यांना एकरकमी भरपाई मिळायला २००९ उजाडले : अमेरिकी नागरिक असेल तर १५,००० डॉलर, नसेल तर ९,०००. रणांगण एकच असले तरी आकडा ठरला तो नागरिकत्वावर.

स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या लष्करी तळांच्या कराराने अमेरिकी नौदलाला फिलिपिन्समध्येच फिलिपिनो नागरिकांची भरती करता येऊ लागली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत यातले बहुतेक जण ‘स्टुअर्ड’ म्हणून घेतले जात. अधिकाऱ्यांचे जेवण, टेबल, इस्त्री, खोल्या हीच कामे. सुबिक बे चा तळ १९९२ मध्ये बंद झाला आणि ही भरतीही थांबली. आपल्या मरीनची भरती नौदलाच्या या कार्यक्रमातली नाही, हे इथेच नोंदवून ठेवू. पुढे त्याला महत्त्व आहे.

पेच कुठे होता

फिलिपिन्सचा नागरिकत्व गमावण्याचा कायदा १९३६ चा आहे, कॉमनवेल्थ ॲक्ट क्रमांक ६३. नागरिकत्व कशाकशाने जाते याची त्यात यादी आहे. परदेशाचे नागरिकत्व अर्ज करून घेतले तर जाते. वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्यावर परदेशाची राज्यघटना किंवा कायदे पाळण्याची शपथ घेतली तर जाते. परदेशाच्या सैन्यात सेवा केली किंवा अधिकारपद स्वीकारले तरीही जाते. मरीन भरती झाला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता.

सैन्यसेवेच्या कलमाला १९४७ मध्ये, म्हणजे तळांच्या कराराच्याच वर्षी, अपवाद जोडला गेला. प्रकरणाची चावी या अपवादात आहे. परदेशाच्या सैन्यात जाऊनही फिलिपिनो नागरिकत्व टिकवायचे असेल तर तीन गोष्टी लागत :

पहिली, त्या देशाशी फिलिपिन्सचा संरक्षण करार असावा किंवा त्या देशाचे सैन्य संमतीने फिलिपिन्सच्या भूमीवर असावे. दोहोंपैकी एक पुरे.

दुसरी, सेवेला फिलिपिन्स सरकारची संमती असावी.

तिसरी, शपथ घेताना ‘ही शपथ मी फक्त सेवेपुरती घेत आहे’ असे सैनिकाने सांगितलेले असावे.

असा सैनिक सेवेत असेपर्यंत फिलिपिन्सच्या निवडणुकीत मतदान करू शकत नसे. सेवा संपली की हक्क आपोआप परत.

१९८५ साली पहिली अट दोन्ही अंगांनी पूर्ण होती. ३० ऑगस्ट १९५१ चा परस्पर संरक्षण करार लागू होता आणि क्लार्क व सुबिकच्या तळांवर अमेरिकी सैन्य होते. म्हणजे राजकारणाने जी अट पुरी करायची ती झालेली होती, उरली होती ती कागदाने पुरी करायची. नौदलाच्या कार्यक्रमातून जाणाऱ्यांची भरती दोन सरकारांच्या करारातच लिहिलेली असल्याने त्यांना संमतीचा आधार कराराकडे बोट दाखवून मांडता येत होता. करारात न बसणाऱ्या वाटेने मरीन कोअरमध्ये गेलेल्याला तो आधार नव्हता. संमती त्याची त्याने मागायला हवी होती.

दोन शपथा, दोन वेगळी वाक्ये

निष्ठेबद्दल बोलताना लोक ‘शपथ’ हा शब्द एकवचनी वापरतात आणि गल्लत इथूनच सुरू होते. मरीनने अमेरिकेला दोन शपथा दिल्या. दोहोंतले अंतर साडेचार वर्षांचे, आणि मजकुरातले त्याहून मोठे.

भरतीच्या शपथेत सैनिक अमेरिकेच्या राज्यघटनेचे देशी-विदेशी शत्रूंपासून रक्षण करण्याचे, तिच्याशी खरी निष्ठा ठेवण्याचे आणि राष्ट्राध्यक्षांचे व वरिष्ठांचे हुकूम पाळण्याचे वचन देतो. दुसऱ्या कोणत्याही देशाबद्दल त्यात एक अक्षर नाही. नागरिकत्वाच्या शपथेत मात्र, आजवर ज्या परकी सत्तेचा मी नागरिक होतो तिच्यावरची सगळी निष्ठा मी संपूर्णपणे सोडतो, असे स्पष्ट वाक्य आहे.

सामान्य माणूस म्हणेल, मग नागरिकत्व दुसऱ्या शपथेने, १९९० मध्ये गेले. कायदा तसे म्हणत नव्हता. संमती नसल्यामुळे अपवाद लागू झाला नाही आणि नागरिकत्व १९८५ मध्ये सैन्यसेवेनेच गेले, असे न्यायालयाने धरले. या निष्कर्षाची एक विचित्र बाजू निकालात फारशी चर्चिलेली नाही. कायद्याचे अक्षर धरले तर नोव्हेंबर १९८५ ते जून १९९० हा माणूस फिलिपिन्सचा नागरिक नव्हता आणि अमेरिकेचाही झालेला नव्हता. साडेचार वर्षे तो एका देशाच्या गणवेशात होता आणि नागरिक मात्र कुठल्याच देशाचा नव्हता.

१९९० चा निर्णय

अमेरिकी सैन्यात बिगरनागरिकाला काम करता येते, पण वरचे जिने बंद असतात. गुप्त माहिती हाताळण्याची परवानगी लागते अशी कामे नागरिकांसाठीच राखीव असतात आणि अधिकारी होण्याच्या वाटेवरही नागरिकत्वाचे फाटक असते. शांतताकाळात तेव्हा तीन वर्षांच्या सन्माननीय सेवेनंतर अर्ज करता येई. पुढे ही अट एका वर्षावर आली. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ युद्धकाळ म्हणून जाहीर झाल्यावर तर कालावधीची अटच उरली नाही.

नागरिकत्व न घेता थांबणे हा पर्याय १९९० मध्ये कागदोपत्री होता, पण त्याने काही वाचणार नव्हते. वाचवण्यासारखे फिलिपिनो नागरिकत्व त्याच्या खात्यावर कायद्याच्या दृष्टीने शिल्लकच नव्हते. याउलट १९८५ ची संमती हातात असती, तरी १९९० च्या शपथेने नागरिकत्व गेलेच असते, फक्त कलम बदलले असते. संमती घेतली असती तर सगळे प्रकरण टळले असते असे मानणे म्हणूनच अर्धवट आहे. संमतीचा फायदा मिळाला असता तो भरती होऊन अमेरिकी नागरिकत्व न घेता परतणाऱ्याला.

१९९४ : समोरचे पर्याय

फिलिपिन्सला परतलेल्या माजी मरीनपुढे १९९४ मध्ये तीन वाटा होत्या.

अमेरिकी नागरिक म्हणूनच राहणे ही पहिली. फिलिपिन्समध्ये जन्मजात असलेल्या माजी नागरिकाला मर्यादित जमीन घेता येते, त्यामुळे घरादारापुरते यातही अडत नव्हते. राजकारण मात्र पूर्ण बंद.

दुसरी वाट नव्याने नागरिक होण्याची, म्हणजे न्यायालयात अर्ज, पात्रतेचे पुरावे, सुनावणी. वेळ लागतोच, पण खरा तोटा वेळेचा नाही. असा माणूस ‘अर्ज करून झालेला नागरिक’ ठरण्याचा धोका असतो. १९८७ च्या राज्यघटनेनुसार प्रतिनिधिगृहाचा सदस्य जन्मजात नागरिकच असावा लागतो.

तिसरी वाट १९६० च्या रिपब्लिक ॲक्ट क्रमांक २६३० ची. हा कायदा अमेरिकी सैन्यसेवेमुळे नागरिकत्व गमावलेल्यांसाठीच केलेला होता. सेवेनंतर अमेरिकी नागरिक झालेलेही त्यात येतात. प्रक्रिया दोन पायऱ्यांची. फिलिपिन्सशी निष्ठेची शपथ घ्यायची आणि तिच्यात इतर सर्व नागरिकत्वांचा त्याग नोंदवायचा. मग सध्याच्या किंवा फिलिपिन्समधल्या शेवटच्या राहत्या ठिकाणच्या स्थानिक नागरी नोंदणी कार्यालयात ती शपथ नोंदवायची. न्यायालय नाही, समिती नाही, वर्षांचा वास्तव्यकाळ नाही.

मरीनने तिसरी वाट घेतली. शपथ घेतली आणि पांगासिनानमधल्या मांगातारेम गावच्या नोंदणी कार्यालयात ती नोंदवली. या प्रकरणात त्याने केलेली सगळ्यात नेमकी गोष्ट हीच. कायदा योग्य, कार्यालय योग्य आणि निवडणुकीच्या चार वर्षे आधी. मतदारसंघात एक वर्ष वास्तव्याची अटही त्यामुळे वादात आली नाही.

या पायऱ्या किती सहज चुकतात हे इतर निकालांत दिसते. मारिकिनातल्या एका अर्जदाराने मूळ नागरिकत्व परत मिळवण्याचा अर्ज न्यायालयात केला. न्यायाधीशांनी शपथही दिली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सारी कार्यवाहीच रद्दबातल ठरवली, कारण तो ज्या कायद्याखाली आला होता त्यात अधिकार न्यायालयाला नसून विशेष समितीला होता. मास्बातेतल्या एका महापौरपदाच्या उमेदवाराने डिसेंबर १९९७ मध्ये शपथ घेतली, पण तिची नागरी नोंद केली फेब्रुवारी २००४ मध्ये, निवडणूक तोंडावर आल्यावर. नागरिकत्व अर्जाच्या तारखेपासूनच परत आले असे धरून न्यायालयाने त्याला उमेदवारीस पात्र मानले. दोन पायऱ्यांमध्ये सहा वर्षांची फट ठेवून मात्र त्याने स्वतःलाच खटल्याच्या तोंडी दिले होते.

आक्षेप आणि लढत

१९९८ मध्ये हरलेल्या विरोधकाने प्रतिनिधिगृहाच्या निवडणूक न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. या न्यायाधिकरणात नऊ सदस्य असतात, तीन सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि सहा प्रतिनिधिगृहाचे सदस्य.

आक्षेप एका ओळीत मावणारा होता. राज्यघटना म्हणते, जन्मजात नागरिक तो, जो जन्मापासून नागरिक आहे आणि ज्याला नागरिकत्व मिळवण्यासाठी किंवा पूर्ण करण्यासाठी कोणतीही कृती करावी लागलेली नाही. मरीनने शपथ घेतली, नोंद केली. ही कृती नाही तर काय? म्हणजे आज तो नागरिक असेल, जन्मजात मात्र नाही.

हा युक्तिवाद हलक्याने घेण्यासारखा नाही. ‘जन्मापासून’ या शब्दात अखंडता गृहीत धरणे स्वाभाविक आहे. काळही पाहा. तळांच्या कराराला मुदतवाढ देण्याचा प्रस्ताव फिलिपिन्सच्या सिनेटने १६ सप्टेंबर १९९१ रोजी १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला होता. अमेरिकी सैनिकांच्या येण्याजाण्याचा नवा करार सिनेटने मे १९९९ मध्ये, हे प्रकरण चालू असतानाच, मंजूर केला. अशा दिवसांत अमेरिकी मरीन कोअरमधून आलेला माणूस संसदेत बसतो, हे काहींना खटकणारच.

न्यायाधिकरणाने २ मार्च २००० रोजी विरोधकाचा अर्ज फेटाळला. फेरविचाराची विनंती २७ एप्रिलला नाकारली. विरोधक सर्वोच्च न्यायालयात गेला.

निकाल

७ मे २००१ रोजी बहुमताने निकाल मरीनच्या बाजूने लागला. न्यायालयाने नव्याने नागरिक होणे आणि मूळ नागरिकत्व परत घेणे या दोन गोष्टी स्वच्छ वेगळ्या केल्या. पहिलीत जे कधी नव्हते ते मिळते. दुसरीत जे होते तेच, गमावण्यापूर्वीच्या स्वरूपात, परत येते. मरीन गमावण्यापूर्वी जन्मजात नागरिक होता, म्हणून परत मिळाले तेही जन्मजात नागरिकत्वच.

दुसरा आधार वर्गवारीचा. १९८७ ची राज्यघटना नागरिकांचे दोनच प्रकार ओळखते, जन्मजात आणि नव्याने झालेले. नव्याने नागरिक होण्याच्या कायद्यातल्या पात्रता-अपात्रतेच्या प्रक्रियेतून मरीन गेला नव्हता, म्हणजे तो दुसऱ्या प्रकारात बसत नाही. तिसरा प्रकार घटनेत नाही. उरतो पहिला.

एका सहमतीच्या मतात, न्यायाधिकरण हाच अशा वादांचा एकमेव निवाडा करणारा असल्याने अधिकाराचा ढळढळीत गैरवापर दिसल्याशिवाय न्यायालयाने हात घालू नये, यावर भर होता. विरोधी मत सविस्तर आहे आणि त्याचा गाभा विरोधकाच्या युक्तिवादासारखाच आहे : परत मिळवण्यासाठी कृती करावी लागली, मग व्याख्येतले दुसरे वाक्य पुरे होत नाही.

बहुमताचा शेवट व्यवहाराला धरून आहे, पण दुसऱ्या आधारात एक फट आहे. ‘दोनच पेट्या आहेत, एकीत बसत नाही म्हणून दुसरीत’ हा वजाबाकीचा तर्क आहे. पहिला आधार, जे होते ते परत आले, तो एकटाच पुरेसा आणि जास्त भक्कम होता. पुढे २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराबद्दल हाच प्रश्न आला तेव्हाही न्यायालयाने या निकालाचा आधार घेतला.

दुसरी एक गोष्ट बहुमताचे निकालपत्र वाचताना जाणवते. मरीनने सैन्यात काय केले, कोणत्या मोहिमेवर गेला, परतल्यावर कसा वागला, यातले काहीही निर्णयाच्या तर्कात नाही. निष्ठेच्या प्रश्नावर इतकी पाने लिहिली गेली आणि निष्ठा प्रत्यक्षात तपासली गेलीच नाही. तपासल्या गेल्या त्या चार तारखा आणि एक नोंदवही. मला हे योग्यच वाटते. मन तपासायला बसलेले न्यायालय अधिक धोकादायक.

तारखांचेच बोलायचे तर, सदस्यत्वाची मुदत ३० जून २००१ ला संपत होती आणि पुढची निवडणूक १४ मे २००१ ला होती. म्हणजे निकाल आला तो पुढच्या मतदानाच्या एक आठवडा आधी. जवळजवळ पूर्ण कार्यकाळ मरीनने डोक्यावर टांगती तलवार घेऊनच काढला.

वेगळे काय करता आले असते

१९८५ मध्ये संमती मागणे आणि ‘फक्त सेवेपुरती’ ही नोंद शपथेच्या वेळी करून घेणे, हे पहिले. वर म्हटल्याप्रमाणे, पुढे अमेरिकी नागरिक व्हायचे असेल तर याने नागरिकत्व वाचत नाही. मात्र मधली साडेचार वर्षे अधांतरी गेली नसती.

विरोधकाच्या बाजूनेही एक चूक दिसते. त्याने सगळा भार ‘कृती’ या एका शब्दावर टाकला. शपथेतल्या त्यागाचा परिणाम, म्हणजे अमेरिकेच्या नजरेत मरीनचे काय झाले, हा प्रश्न लढतीच्या कडेलाच राहिला. फिलिपिन्सच्या नोंदवहीत ‘इतर नागरिकत्वाचा त्याग’ असे लिहिल्याने अमेरिकी नागरिकत्व आपोआप जात नाही. अमेरिकी कायद्यात ते सोडण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि खात्रीचा मार्ग म्हणजे वकिलातीत अधिकाऱ्यासमोर औपचारिक त्याग. दोन देशांच्या वह्या एकमेकींशी जुळतीलच असे नाही, आणि उमेदवार आडवे पडतात ते इथे.

हेच आज घडले तर

२००३ च्या रिपब्लिक ॲक्ट क्रमांक ९२२५ ने चित्र बदलले. जन्मजात फिलिपिनो परदेशी नागरिक झाला असेल तर शपथ घेऊन फिलिपिनो नागरिकत्व परत मिळवतो, आणि या शपथेत इतर नागरिकत्वाच्या त्यागाचे वाक्य नाही. दोन्ही नागरिकत्वे शेजारी शेजारी राहतात. भारतीय वाचकाने याची ओसीआय कार्डाशी तुलना करू नये. ओसीआयधारक भारताचा नागरिक नसतो, त्याला मतदान नाही. इथे नागरिकत्वच परत येते.

सैनिकांसाठी मात्र या कायद्यात वेगळे कुंपण आहे. ज्या देशाचे नागरिकत्व घेतले त्याच्या सैन्यात कमिशन्ड किंवा नॉन-कमिशन्ड अधिकारी म्हणून जो प्रत्यक्ष सेवेत आहे, त्याला फिलिपिन्समध्ये मतदानाचा, निवडून येण्याचा किंवा सरकारी पदावर नेमले जाण्याचा हक्क नाही. मरीन कोअरमध्ये नॉन-कमिशन्ड अधिकारी कॉर्पोरलपासून मोजतात. त्याखालच्या लान्स कॉर्पोरलला, अक्षरशः वाचले तर, हे कुंपण लागत नाही. १९४७ च्या अपवादाने सेवेतल्या सगळ्यांचेच मतदान थांबवले होते. २००३ च्या कायद्याने हुद्द्याची रेघ ओढली.

निवृत्तीनंतर निवडणूक लढवायची तर अर्ज भरतेवेळी इतर नागरिकत्वाचा वैयक्तिक आणि शपथेवरचा त्याग लागतो. ‘शपथेवरचा’ हा शब्द शोभेचा नाही. ला उनियोन प्रांतातल्या एका उपमहापौराने ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडल्याचे लिहून दिले, पण शपथेविना. २०१२ मध्ये पद गेले. लानाओ देल नोर्ते प्रांतातल्या काउस्वागानच्या महापौराने ३ एप्रिल २००९ ला अमेरिकी नागरिकत्वाचा रीतसर त्याग केला आणि अकरा दिवसांनी अमेरिकी पासपोर्टवर प्रवास केला. २०१३ मध्ये न्यायालयाने त्याला उमेदवारीसाठीच अपात्र ठरवले. त्याग खरा होता, खिशातला पासपोर्ट नडला.

सेवेत असतानाच ९२२५ ची शपथ घ्यायचा विचार असेल तर अमेरिकी बाजूही पाहावी लागते. गुप्त माहितीची परवानगी असलेल्याने परदेशी नागरिकत्वासाठी अर्ज करणे किंवा ते मिळणे कळवलेच पाहिजे, असा २०१७ पासूनचा नियम आहे. दुहेरी नागरिकत्व एवढ्यानेच परवानगी जात नाही. लपवले तर जाऊ शकते. म्हणून क्रम असा : आधी आपल्या तुकडीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवायचे, पोच ठेवायची, मग वकिलातीत जाऊन शपथ घ्यायची. अमेरिकेत येता-जाता अमेरिकी पासपोर्टच दाखवायचा.

उलट दिशेचे एक प्रकरणही याच्या शेजारी ठेवावे असे आहे. फिलिपिन्सच्या स्वतःच्या सैन्यदलांत ३२ वर्षे सेवा करून १९८२ मध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून निवृत्त झालेला एक जण हवाईला स्थायिक झाला आणि अमेरिकी नागरिक झाला. जानेवारी २००१ मध्ये सैन्याने त्याचे निवृत्तिवेतन थांबवले, कारण निवृत्तीच्या कायद्यात नागरिकत्व गमावणाऱ्याचे नाव निवृत्तांच्या यादीतून काढण्याची तरतूद होती. ते वेतन म्हणजे केलेल्या सेवेचा मोबदला, असा त्याचा दावा. न्यायालयाने जून २००७ मध्ये तो मान्य केला नाही. निवृत्त सैनिक गरज पडल्यास परत बोलावला जाऊ शकतो, परक्या देशाच्या नागरिकाला तसे बोलावता येत नाही, हे त्यामागचे कारण. त्याच निकालात त्याला उपायही सांगितला : ९२२५ खाली शपथ घ्या, त्या तारखेपासून निवृत्तिवेतन पुन्हा सुरू होईल.